काम बाजूला ठेवल्यावर

अडलेले काम तसेच सोडून माणूस उठतो. जेवतो, फिरून येतो, रात्री झोपतो. दुसऱ्या दिवशी त्याच कामाला पुन्हा हात घालतो, तेव्हा काल न दिसलेली वाट समोर असते. हिशेबातली चूक सापडते, कवितेची अडलेली ओळ पुढे सरकते, बंद पडलेल्या यंत्रातला दोष लक्षात येतो. हा अनुभव इतका सर्वांचा आहे की त्याबद्दल प्रश्न विचारावा असे सहसा कुणाला वाटत नाही. मधल्या वेळात मनात नेमके काय घडले? काही घडले तरी का, की नुसता थकवा गेला? आणि जे घडले ते नकळत घडले असेल, तर ते आपल्याला समजणार कसे? मानसशास्त्राची एक लहानशी पण चिवट शाखा गेली शंभर वर्षे या प्रश्नांच्या मागे आहे. तिच्यात नव्याने पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकाचे स्वागत करावे, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

मी हे काकतीत बसून लिहितो आहे. बेळगावच्या उत्तरेला, पुणे-बंगळूर महामार्गालगतचे हे गाव कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे जन्मगाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे होनग्याची औद्योगिक वसाहत आहे, त्यापुढे भूतरामनहट्टीला 2010 साली स्थापन झालेले राणी चन्नम्मा विद्यापीठ. एका बाजूला शेती, एका बाजूला फौंड्र्या आणि मशीनशॉप, मध्ये विद्यार्थी. विचार करून सोडवावी लागणारी कामे या पट्ट्यात भरपूर आहेत. फौंड्रीचेच घ्या. ओतीव भागाचा जाड भाग सर्वांत शेवटी थंड होतो, थंड होताना आकसतो, आणि त्याला वेळेवर वितळलेला धातू मिळाला नाही तर आत पोकळी राहते. हा जादा धातू पुरवणारा रायझर कुठे बसवायचा, केवढा ठेवायचा, धातू कोणत्या बाजूने आत घ्यायचा, हे प्रत्येक नव्या पॅटर्नला नव्याने ठरवावे लागते. पुस्तकातले नियम काही अंतरापर्यंत सोबत करतात, पुढचे माणसाला सुचावे लागते. या विषयाची उदाहरणे पॅरिसच्या गणितज्ञांपासून सुरू करण्याची पद्धत आहे. तिथेही आपण जाऊ, पण सुरुवात जवळून करतो.

काकतीपासून फार लांब नसलेल्या सुळेभावीत 8 एप्रिल 1924 रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखू लागला. थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गाणारा हा मुलगा लहानपणीच प्रसिद्ध झाला, मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला, आणि विशीत असतानाच मैफली गाजवू लागला. तेवढ्यात क्षयाने गाठले. हवा मानवेल म्हणून माळव्यात, देवासला मुक्काम हलवला. एक फुफ्फुस निकामी झाले होते. गाणे सक्त बंद. काही वर्षे हा गवैया अंथरुणावर होता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला नवी औषधे आली, प्रकृती सुधारली आणि ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा लोकांनी ऐकले ते पूर्वीचे गाणे नव्हते. श्वास कमी, म्हणून लहान लहान, टोकदार, अनपेक्षित जागी वळणारे स्वरसमूह. त्यासोबत माळव्याच्या लोकधुनांमधून उगवलेले नवे राग, ज्यांना ते धुनउगम राग म्हणत: मालवती, लगनगंधार, संजारी, मधसूरजा. त्यांच्या बंदिशींचा आणि या रागांचा संग्रह ‘अनूपरागविलास’ 1965 मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला.

ही हकीकत मला फार मोलाची वाटते, पण ती नीट वाचायला हवी. ‘सक्तीच्या विश्रांतीत अंतर्मनाने नवे गाणे घडवले’ असे म्हणून टाकणे सोपे आहे आणि ते अपुरे आहे. आजारी पडण्यापूर्वी कुमारांनी अनेक घराण्यांचे गाणे गळ्यातून काढले होते. त्यांची तयारी थोडीथोडकी नव्हती. दुसरे असे की अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचे कान काम करत होते. आजूबाजूच्या स्त्रियांची गाणी, फिरत्या गायकांची भजने ते मन लावून ऐकत होते, पुढे त्यांनी ती जमवली, अभ्यासली. तिसरे, शरीराने घातलेली मर्यादा. जुनी सवय चालवायला आता श्वासच पुरत नव्हता. म्हणजे खोल पूर्वतयारी, जुन्या वाटेपासून ताटातूट, आणि मोकळ्या मनावर बाहेरून पडत राहिलेले नवे स्वर, अशा तीन गोष्टी इथे एकत्र आल्या. यातल्या प्रत्येक गोष्टीवर प्रयोगशाळेत स्वतंत्र काम झालेले आहे, आणि कुमारांच्या बाबतीत त्या इतक्या गुंतलेल्या आहेत की कुणाचा वाटा किती हे कुणी सांगू शकणार नाही. एखाद्या थोर माणसाची कहाणी प्रश्न उभा करायला उत्तम. उत्तर मात्र तिच्यातून मिळत नाही, हे या शाखेत शिरताना पहिल्यांदा शिकावे लागते.

आता पॅरिस. आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने 1908 साली मानसशास्त्रज्ञांपुढे स्वतःच्या कामाचा वृत्तांत सांगितला. फुक्सियन फलांवर (फंक्शन्सवर) तो दोन आठवडे झगडत होता. पुढे एका भूगर्भशास्त्रीय सहलीला गेला, प्रवासाच्या धांदलीत गणित विसरला, आणि कूतांस या गावी घोड्यांच्या बसमध्ये चढण्यासाठी पायरीवर पाय ठेवला त्या क्षणी त्याला उत्तर दिसले: ही फले घडवताना वापरलेली रूपांतरे आणि युक्लिडेतर भूमितीतील रूपांतरे एकच आहेत. पडताळा त्याने घरी परतल्यावर घेतला. त्याच्याही आधी, 1891 मध्ये, हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या सत्तराव्या वाढदिवसाच्या भाषणात सांगितले होते की चांगल्या कल्पना त्याला टेबलाशी बसून कधी आल्या नाहीत, उन्हाच्या दिवशी झाडीतली टेकडी सावकाश चढताना आल्या. ही दोन्ही कथने हाताशी घेऊन ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने 1926 मध्ये विचारप्रक्रियेचे चार टप्पे मांडले: पूर्वतयारी, परिपाक (काम बाजूला असतानाचा काळ), स्फुरण आणि पडताळणी. आजही बी.ए.च्या विद्यार्थ्याला हेच चार टप्पे पाठ करावे लागतात. प्वांकारेने ठासून सांगितलेली एक गोष्ट मात्र पाठांतरात गळून पडते. नकळत होणारे काम फळाला येते ते जाणीवपूर्वक केलेल्या कष्टांच्या मागून, आणि त्यानंतर पुन्हा जाणीवपूर्वक कष्ट घ्यावेच लागतात, असे त्याचे म्हणणे होते.

आठवणींवर विसंबून शास्त्र उभे राहत नाही. माणूस यशाची आठवण ठेवतो, बसच्या पायरीवर सुचलेले आणि घरी गेल्यावर चुकीचे ठरलेले विसरून जातो. म्हणून प्रयोग आले. 1931 मध्ये नॉर्मन मायर याने मिशिगन विद्यापीठात एका खोलीच्या छताला दोन दोऱ्या टांगल्या. एक धरून दुसरीपर्यंत हात पोहोचत नाही, आणि दोघींची टोके बांधायची आहेत. खोलीत खुर्च्या, पक्कड, काठी असे सामान पडलेले. पक्कड दोरीला बांधून लंबक करायचा आणि दोरी झुलत जवळ येईल तेव्हा पकडायची, ही युक्ती पुष्कळांना सुचेना. मग मायर सहज चालत जाऊन एका दोरीला धक्का देई. दोरी किंचित हले. त्यानंतर थोड्याच वेळात अनेकांना उत्तर सुचले, आणि विचारल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी हललेल्या दोरीचा उल्लेखही केला नाही. उत्तर आपल्याच डोक्यातून आले असे त्यांना मनापासून वाटत होते. आपल्या विचाराचा उगम आपल्यालाच दिसत नाही, हे इतक्या साधेपणाने दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

विश्रांतीचा थेट प्रयोग जेनेट सिल्व्हेरा यांनी 1971 मध्ये ओरेगॉन विद्यापीठातील प्रबंधासाठी केला. त्यात वापरलेले कोडे वाचकाने स्वतः करून पाहावे असे आहे. साखळीचे चार सुटे तुकडे आहेत, प्रत्येकात तीन कड्या. एक कडी उघडायला दोन सेंट, उघडलेली कडी बंद करायला तीन सेंट खर्च येतो. सगळ्या बारा कड्यांचा एक सलग गोल हार करायचा आहे, आणि खर्च पंधरा सेंटच्या वर जाता कामा नये. सर्वांना एकूण अर्धा तास मिळाला. सलग बसलेल्यांपैकी 55 टक्क्यांनी ते सोडवले, मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी मिळालेल्यांपैकी 64 टक्क्यांनी, आणि चार तासांची सुट्टी मिळालेल्यांपैकी 85 टक्क्यांनी. सुट्टीचा फायदा स्पष्ट होता. परंतु सुट्टीहून परतलेले लोक तयार उत्तर घेऊन आले नव्हते. ते पुन्हा कोड्याशी झटू लागले, फक्त आधीच्यासारखे एकाच ठिकाणी अडून राहिले नाहीत.

हा तपशील पुढच्या सगळ्या वादाचा गाभा आहे. ‘नेणीव प्रश्न सोडवते’ असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे दुसरे एक हुशार मन येते, जे आपण झोपलो असताना आपले काम पुढे रेटत असते. अभ्यासकांपैकी अनेकांना हे चित्र मान्य नाही. हर्बर्ट सायमनने 1966 मध्ये मांडले की मधल्या वेळात चुकीच्या वाटेची स्मृती पुसट होते, बाकी माहिती टिकते, म्हणून परतलेला माणूस वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करतो. स्टीव्हन स्मिथ आणि स्टीव्हन ब्लँकनशिप यांनी 1989 ते 1991 च्या सुमारास मुद्दाम दिशाभूल करणारे संकेत देऊन प्रयोग केले. दिशाभूल झालेल्यांनाच विश्रांती अधिक उपयोगी पडली, आणि विश्रांतीत ते खोटे संकेत विसरले गेले असे दिसले. कॉलीन सायफर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये वेगळी बाजू पुढे केली. अपुरा राहिलेला प्रश्न स्मृतीत एक खूण सोडून जातो. मग बाजारात, शेतावर, रस्त्यावर त्या प्रश्नाशी जुळणारे काही दिसले की मन ते चटकन टिपते. कुमारांनी ऐकलेल्या माळवी धुना किंवा मायरची हललेली दोरी या बाजूच्या साक्षीदार ठरतील.

माझे स्वतःचे मत सायमन आणि सायफर्ट यांच्या जवळ जाणारे आहे. विसरणे आणि टिपणे या दोन गोष्टी एकत्र धरल्या की ‘अचानक सुचले’ यातला बराच भाग उलगडतो. तरी सगळा उलगडत नाही. झोपेवरचे काम वाचले की हे पटते. 2004 साली जर्मनीतील ल्युबेक येथील उलरिख वाग्नर, यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी लोकांना आकड्यांचे एक कंटाळवाणे काम दिले, ज्यात काम झटपट संपवणारा एक नियम लपलेला होता. आठ तासांनी ते पुन्हा कामाला बसले. मध्ये झोपलेल्यांपैकी 59 टक्के लोकांना नियम सापडला. जागे राहिलेल्यांत हे प्रमाण 23 टक्के होते. झोपेत मेंदू दिवसाची स्मृती नुसती साठवत नाही, तिची मांडणीही बदलतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. 2021 मध्ये फ्रान्समधील सेलिया लाको यांच्या गटाने अशाच कामात दाखवले की डोळा लागण्याच्या अगदी पहिल्या अवस्थेत काही सेकंद घालवलेल्यांपैकी 83 टक्के लोकांना लपलेला नियम सापडला, जागे असलेल्यांपैकी 31 टक्क्यांना. गाढ झोप लागली तर मात्र तो फायदा दिसला नाही.

सगळेच निकाल इतके टिकाऊ निघालेले नाहीत, आणि हे वाचकापासून लपवणे त्याचा अपमान ठरेल. आप डाइक्स्टरहॉइस या डच मानसशास्त्रज्ञाने या शतकाच्या पहिल्या दशकात असा दावा केला की गुंतागुंतीचा निर्णय, उदाहरणार्थ घर किंवा गाडी निवडणे, लक्ष दुसरीकडे वळवून नेणिवेवर सोपवला तर अधिक चांगला होतो. दावा जगभर गाजला. 2015 मध्ये मार्क न्यूवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येने लोक घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला, आधीचे निकालही एकत्र तपासले, आणि त्यांना तो फायदा आढळला नाही. दुसऱ्या बाजूला, उत सिओ आणि टॉमस ऑर्मरॉड यांनी 2009 मध्ये 117 अभ्यासांचे निकाल एकत्र केले तेव्हा विश्रांतीचा परिणाम खरा असल्याचे दिसले. तो प्रचंड मात्र नव्हता. आधी जितका जास्त वेळ प्रश्नाशी झटापट केली, तितका विश्रांतीचा फायदा अधिक, हेही त्यांना आढळले. घराच्या खरेदीसाठी नेणिवेवर विसंबू नये, अडलेल्या कोड्यापासून थोडे दूर जायला हरकत नाही, इतपत आज खात्रीने सांगता येते.

विश्रांतीत काय करावे? अजिबात काही न करण्यापेक्षा, लक्ष फारसे न खाणारे हलके काम हाती असावे, असे काही प्रकारच्या प्रश्नांबाबत सिओ आणि ऑर्मरॉड यांना दिसले. 2014 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी चालताना माणसाला अधिक नव्या कल्पना सुचतात हे मोजून दाखवले. हे वाचताना मराठी वाचकाला जाते आठवल्याशिवाय राहणार नाही. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आणि तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. पहाटे दळताना हात ठरलेल्या लयीत फिरतात, वाणी आणि मन मोकळे राहते. एक लाखाहून अधिक ओव्यांतली रचना, उपमा, टीका आणि दुःख त्या मोकळ्या मनातून आले आहे. बहिणाबाई चौधरींनीही शेतात आणि घरात काम करता करता रचना केल्या. सर्जनाच्या अभ्यासकांनी प्वांकारेच्या एका बसफेरीवर जितकी पाने खर्च केली, तितकी या ओव्यांवर केली असती तर आपली शाखा आज अधिक श्रीमंत असती. माझी ही तक्रार आहे आणि मी ती जाणूनबुजून प्रस्तावनेत नोंदवतो.

आपल्या परंपरेकडेही या विषयात आदराने, पण सावधपणे पाहावे. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या अवस्थांचा विचार केला. योगदर्शनात कर्माचे संस्कार चित्तात राहतात आणि पुढे वर येतात ही कल्पना आहे. त्या ग्रंथांना पडलेला प्रश्न मोक्षाचा होता. आकड्यांच्या कोड्यात झोपेने मदत होते का, हा नव्हता. ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हटल्याने ना उपनिषद समजते, ना प्रयोग.

या शाखेच्या पुस्तकांत जवळपास कुठेच न येणारा एक प्रश्न इथे राहून चुकवता येत नाही. विश्रांती कुणाच्या वाट्याला येते? निपाणीत घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांचे हात जात्यावरच्या हातांसारखेच लयीत चालतात. पण मजुरी हजारावर मिळते, आणि मनात मोजणी चालू असते, खराब ठरून परत येणाऱ्या विड्यांची धास्ती असते. हात मोकळे नाहीत आणि मनही नाही. तिसऱ्या पाळीतून परतलेल्या कामगाराची दिवसाची झोप ल्युबेकच्या प्रयोगशाळेतल्या झोपेसारखी नसते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ऊस उत्पादकांची तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर विचारक्षमतेची चाचणी घेतली. हातात पैसा नसलेल्या तोडणीपूर्वीच्या काळात त्याच शेतकऱ्यांना कमी गुण पडले, ऊस विकून पैसे आल्यावर अधिक. मार्कंडेय नदीकाठच्या ऊस शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही. काम बाजूला ठेवले तरी काळजी बाजूला ठेवता येत नसेल, तर ती विश्रांती नव्हे. परिपाकाचा अभ्यास करणाऱ्याने मजुरीचा, पाळ्यांचा आणि कर्जाचा विचार केलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तो केला नाही तर ही विद्या फुरसत असलेल्यांची विद्या होऊन राहील.

विद्यार्थ्यांसाठी यातला उपयोगाचा भाग थोडा आणि साधा आहे. एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे दहावीच्या, गणिताच्या पेपरात एखादे उदाहरण अडले तर त्याच्याशी प्रामाणिकपणे थोडा वेळ झटावे, मग पुढच्या प्रश्नांकडे जावे आणि शेवटी परत यावे. वाचलेच नसेल तर मात्र कितीही फिरून आल्याने काही सुचणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काढलेले तास आणि झोपलेले तास यांचा हिशेब करताना झोपेच्या बाजूने काही पुरावा आहे, एवढे पालकांनीही लक्षात घ्यावे.

या शाखेत अजून पुष्कळ काम उरलेले आहे. बहुतेक प्रयोग विद्यापीठातल्या तरुण विद्यार्थ्यांवर, तासाभराच्या कोड्यांनी झालेले आहेत. आठवडाभर अडून राहिलेला रायझर, हंगामभर न सुटलेली पिकावरची रोगट खूण, किंवा एखाद्या शिक्षिकेला वर्षभर सतावणारा अबोल मुलगा, अशा लांब चालणाऱ्या खऱ्या प्रश्नांची पद्धतशीर नोंद फार थोडी आहे. ती नोंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. वाचकाला माझी विनंती अशी: जवळ एक वही ठेवा. काम कधी अडले, तोपर्यंत काय काय करून पाहिले, कधी उठलात, मध्ये काय केलेत आणि काय दिसले, परत कधी बसलात, आणि सुचलेले शेवटी बरोबर निघाले की चुकीचे, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. चुकीचे निघालेलेही गाळू नका. मराठीत लिहा. पॅटर्नशॉपमधून, शेतातून, वर्गातून आणि स्वयंपाकघरातून आलेल्या अशा वह्या या विषयाला हव्या आहेत, आणि त्या आपल्याशिवाय दुसरे कुणी लिहू शकणार नाही.